दुकानात नवीन काय आलं ते गिऱ्हाइकाला आपोआप कळवायचंय? मग फीड लावा

अप्पा बळवंत चौकातून आत वळलं की एका बोळात माझ्या मामाचं पुस्तकांचं दुकान आहे, दहा बाय बारा, आणि दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे तिथे फोन खाली ठेवायला मिळत नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच, "आला का हो?" अमका दिवाळी अंक आला का, तमका आला का, एमपीएससीच्या त्या पुस्तकाची नवी आवृत्ती आली का. आणि हडपसरहून, बावधनहून कोणी फोन न करता आलंच तर गाडी लावायला जागा शोधण्यात अर्धा तास, आणि दुकानात पोचल्यावर कळतं की अंक परवाच संपला. मग तो माणूस चिडणार, मामा त्याहून चिडणार आणि काउंटरवरचा पोरगा दोघांचं ऐकून घेणार.

दोन वर्षांपूर्वी मी मामाला वर्डप्रेसवर वेबसाइट करून दिली आणि मला वाटलं झालं काम. नवीन माल आला की साइटवर टाकायचा, लोक बघतील. पण बघायला आधी कोणीतरी साइटवर यायला हवं ना, रोज सकाळी उठून पुस्तकाच्या दुकानाची साइट कोण उघडतं, मी तरी नाही उघडत. मग व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट करून बघितली. एका यादीत २५६ लोक, आणि त्यातही ज्यांनी मामाचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो, बाकीच्यांना पोचत नाही आणि आपण खुशीत की सगळ्यांना गेला. ग्रुप केला तर तिसऱ्या दिवशी त्यात गुड मॉर्निंगची फुलं आणि पाचव्या दिवशी कोणीतरी फ्लॅट विकायला काढलेला.

शेवटी जे पहिल्यापासून साइटमध्येच होतं ते वापरायला घेतलं. फीड. ते कसं लावायचं, कुठे फसतं, हे सगळं खाली लिहितोय, पुस्तकाचंच दुकान पाहिजे असं काही नाही, क्लास असेल, ट्रेकिंगचा ग्रुप असेल, साड्यांचं दुकान असेल, जिथे जिथे "नवीन काय" हा प्रश्न आहे तिथे चालतं.

आधी फीड म्हणजे काय ते. पुण्यात चौकाचौकात मंडळांचे वार्ताफलक असतात बघा, काळा फळा, त्यावर खडूनं लिहिलेलं, येणारा-जाणारा वाचून पुढे जातो. फीड म्हणजे तुमच्या साइटचा वार्ताफलक. एक फाइल असते, त्यात सगळ्यात नवीन नोंद वर, जुन्या खाली, प्रत्येक नोंदीला शीर्षक, लिंक, तारीख आणि थोडा मजकूर. फरक एवढाच की हा फळा वाचायला माणूस येत नाही, माणसाच्या फोनमधलं ॲप येतं, ठरावीक वेळानं येऊन बघून जातं आणि नवीन काही दिसलं तरच मालकाला सांगतं. त्या ॲपला फीड रीडर म्हणतात. म्हणजे तुम्ही कोणाला काही पाठवतच नाही, तुम्ही फक्त फळ्यावर लिहिता. आणि पाठवत नाही म्हणून गिऱ्हाइकाचा नंबर नको, नाव नको, काहीच नको. २०२३ साली डेटा संरक्षणाचा कायदा झाल्यापासून मला हे फार बरं वाटतं, जी माहिती आपल्याकडे नाहीच ती सांभाळायची भानगड नाही.

हे प्रकरण जुनं आहे. १९९९ मध्ये नेटस्केप या ब्राउझरवाल्या कंपनीनं आरएसएस काढलं, म्हणजे फीड लिहायची एक ठरावीक पद्धत, ते बनवणाऱ्यांत रामनाथन गुहा होते, आपल्या आयआयटी मद्रासचे. २००२ मध्ये आरएसएस २.० आलं, जे आजही चालतं, आणि २००५ च्या डिसेंबरात ॲटम नावाचा भाऊबंद अधिकृत झाला. दोघांतला कुठला घ्यावा यावर डोकं चालवू नका, रीडरना दोन्ही कळतात, साइट जे देईल ते घ्या. १ जुलै २०१३ ला गूगल रीडर बंद झाला तेव्हा बऱ्याच लोकांनी आरएसएसचं तेरावं घालून टाकलं, पण तुम्ही रोज बसमध्ये जे पॉडकास्ट ऐकता ते बहुतेक आतून आरएसएस फीडवरच चालतात, फक्त कोणी तसं सांगत नाही. आणि तुम्हीही सांगू नका असं माझं मत आहे, त्यावर पुढे येतो.

पहिलं काम, तुमच्या साइटला फीड आधीच आहे का ते बघा. वर्डप्रेस असेल तर आहेच. साइटचा पत्ता टाका, शेवटी स्लॅश, मग इंग्रजीत फीड, मग परत स्लॅश. शॉपिफायचं दुकान असेल तर कलेक्शनच्या पत्त्याला शेवटी डॉट ॲटम लावा. जे समोर येईल ते बघून घाबरू नका, काही ब्राउझरमध्ये सगळे टॅग, म्हणजे कंसातले कोडचे शब्द, उघडेनागडे दिसतात, काहींमध्ये फाइल डाउनलोडच होते. मामानं पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाला, "अरे, हे काय बिघडवून ठेवलंयस?" बिघडलेलं काही नाही, ते माणसानं वाचायचं नाहीचे.

साइट हातानं बनवलेली असेल, म्हणजे साधी पानं होस्टिंगवर टाकलेली, तर फीडही हातानं लिहिता येतं, अवघड नाहीये, फक्त काटेकोर आहे. एकच टेक्स्ट फाइल, यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करायची म्हणजे मराठी नीट दिसेल. सगळ्यात वर एक्सएमएलची (फीड ज्या भाषेत लिहितात ती) एक ओळ, मग आरएसएसचा टॅग, त्याच्या आत चॅनल. चॅनलला तीन गोष्टी लागतातच, टायटल, लिंक आणि डिस्क्रिप्शन, म्हणजे दुकानाचं नाव, साइटचा पत्ता आणि एका ओळीत हे काय आहे. मग प्रत्येक नवीन गोष्टीसाठी एक आयटम, त्यात परत टायटल, लिंक, डिस्क्रिप्शन आणि वर दोन जास्तीचे, पबडेट आणि जीयूआयडी, म्हणजे कधी टाकलं आणि त्या नोंदीचा ओळख नंबर. टॅगची नावं अर्थात इंग्रजी अक्षरांतच लिहायची, मी इथे नुसते उच्चार लिहितोय.

तारखेचा साचा ठरलेला आहे आणि तो मोडला की काही रीडर ती नोंद भलत्याच ठिकाणी टाकतात. वाराची तीन अक्षरं, स्वल्पविराम, तारीख, महिन्याची तीन अक्षरं, साल, वेळ, आणि शेवटी आपली भारतीय वेळ. मराठीत लिहायचं तर असं: सॅट, १८ ऑक्ट २०२५ १७:३०:०० +०५३०. पण प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडेच पाहिजेत. मी एका क्लासवाल्या मित्राला हे शिकवलं तर त्यानं मोठ्या प्रेमानं महिना "ऑक्टोबर" असा मराठीत आणि तारीखही मराठी आकड्यांत लिहिली. दिसायला छान दिसत होतं, चालत मात्र नव्हतं.

आणि हे & चिन्ह. ह्यानं मला दोन दिवस रडवलंय. मित्राच्याच फाइलमध्ये मी एका नोंदीचं शीर्षक "निबंध & व्याकरण : नवी बॅच" असं टाकलं आणि सेव्ह करून चहाला गेलो. एक्सएमएलमध्ये नुसतं & चालत नाही, त्याच्या जागी &, मग इंग्रजी ए-एम-पी, मग अर्धविराम असं लिहावं लागतं, नाहीतर त्या जागेपासून अख्खी फाइल फुटते, एक नोंद नाही, अख्खी फाइल. आणि गंमत म्हणजे फीड फुटलं की कोणी ओरडत नाही. साइट झकास उघडते, मोबाइलवर झकास दिसते, फक्त गिऱ्हाइकांना काही जात नाही, आणि गिऱ्हाइकाला तरी काय कळणार, त्याला वाटतं दुकानात नवीन काही आलेलंच नाही. दोन दिवसांनी लक्षात आलं. तेव्हापासून माझा नियम आहे, शीर्षकात "आणि" लिहायचं. डिस्क्रिप्शनमध्ये फोटो, ठळक अक्षरं असलं काही टाकायचं असेल तर तो मजकूर सीडेटा नावाच्या कुंपणात टाका म्हणजे आतल्या चिन्हांची काळजी नको.

वर्डप्रेस ही चिन्हं स्वतः सांभाळतं, पण तिथे दुसरीच एक फट आहे. थीमच्या, म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या, फाइलमध्ये कोणीतरी कोड चिकटवताना सगळ्यात वर किंवा सगळ्यात खाली एखादी रिकामी ओळ सोडून जातं, ती ओळ फीडच्या सुरुवातीला येऊन बसते, आणि एक्सएमएलची ओळ पहिल्याच जागी हवी असा दंडक असल्यामुळे फीड बंद. एक रिकामी ओळ! म्हणून काहीही बदल केला की डब्ल्यू३सी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचा फुकटचा फीड व्हॅलिडेटर आहे, त्यात आपल्या फीडचा पत्ता टाकून तपासा. चूक निघाली तर ओळीच्या नंबरासकट सांगतो. नुसत्या सूचना येतील, त्या बहुतेक सोडून द्या.

आता सेटिंग. वर्डप्रेसमध्ये सेटिंग्ज, मग रीडिंग. तिथे फीडमध्ये किती नोंदी दाखवायच्या याचा आकडा असतो, मुळात १०. हा आकडा मी पहिल्या वर्षी बघितलाच नाही. दिवाळीच्या आधीच्या एका शनिवारी संध्याकाळी मामाकडे गठ्ठे आले, मी आणि पोरगा बसून रात्री अकरापर्यंत ४० अंक साइटवर चढवले. आता विचार करा, रीडर येऊन फळा बघतं ते तासाभरानं, कधी त्याहून उशिरा, आणि फळ्यावर जागा १० ची. आम्ही अकरावी नोंद टाकली की पहिली पुसली जातेय. सकाळी उठून लोकांनी बघितलं तर शेवटचे १० अंक, आधीचे ३० आले होते हे कोणाला कळलंच नाही. त्यातल्या एका अंकाचे दोन गठ्ठे डिसेंबरपर्यंत पडून होते, मामा अजून ऐकवतो. तो आकडा ५० करा, विषय संपवा. आणि एकदम ४० टाकायचे असतील तर ४० नोंदी करण्यापेक्षा एकच नोंद करून आत यादी द्या, गिऱ्हाइकाच्या फोनवर ४० वेळा टिंग वाजलं तर तो पहिलं तुम्हाला काढून टाकेल.

त्याच पानावर दुसरा प्रश्न असतो, पूर्ण मजकूर द्यायचा की नुसता सारांश. बरेच लोक सांगतात सारांश द्या म्हणजे माणूस साइटवर येतो. मला ते पटत नाही. आपल्याला साइटवर गर्दी नकोय, दुकानात गिऱ्हाईक पाहिजे. पूर्ण द्या. फोटोचं मात्र बघा, वर्डप्रेसमध्ये वर जो मुख्य फोटो लावतो तो आपणहून फीडमध्ये येत नाही, तो मजकुराच्या आत परत टाकावा लागतो किंवा त्यासाठी छोटं प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचं जास्तीचं सॉफ्टवेअर, मिळतं. मुखपृष्ठ दिसलं की अंक लवकर जातो हे मामाचं चाळीस वर्षांचं ज्ञान, ते इथेही लागू पडतं.

अजून एक, सेटिंग्जमध्ये जनरलला जाऊन टाइमझोन कोलकाता आहे ना बघा. तो यूटीसीवर, म्हणजे ग्रीनिचच्या वेळेवर, राहिला तर तुम्ही सकाळी १० ला जायला लावलेली नोंद दुपारी साडेतीनला जाते. आणि आपल्याकडे दुपारी साडेतीन म्हणजे काय वेळ असते ते पुणेकराला सांगायला नको.

शीर्षकावर वेळ घालवा, खरंच घालवा, कारण रीडरमध्ये पहिल्यांदा तेवढंच दिसतं. मामा आधी लिहायचा "नवीन माल आला आहे". आता याचं काय करायचं माणसानं? मी त्याला म्हटलं, "मामा, तू फोनवर जसं सांगतोस तसं लिही." तर तो फोनवर सांगतो, "विज्ञानाचे दोन दिवाळी अंक आलेत, एक अडीचशेला, एक तीनशेला, लहान मुलांचा उद्या येतोय." हेच शीर्षक. यात काय आलं, कितीला आलं, पुढे काय येणार, सगळं आहे, उघडून वाचायचीही गरज नाही.

किती प्रती उरल्यात ते मात्र फीडमध्ये घालू नका. एकदा फळ्यावरचं वाचून माणूस घरी गेला की त्याच्या डोक्यातलं आपण पुसू शकत नाही, तसंच आहे हे. नोंद नंतर बदलली तर काही रीडर बदल उचलतात, काही उचलत नाहीत. "१२ प्रती शिल्लक" हे तुम्ही सकाळी लिहिलं, दुपारी संपल्या, तुम्ही साइटवर दुरुस्त केलं, आणि चिंचवडच्या माणसाच्या फोनमध्ये अजून १२ च आहेत. आलं एवढं फीडमध्ये, शिल्लक किती ते साइटच्या पानावर.

इथेच त्या जीयूआयडीची गोष्ट. रीडर एखादी नोंद नवीन की जुनी हे ओळखतं ते या ओळख नंबरावरून. नंबर आधी बघितलेला असेल तर ते गप्प बसतं. म्हणून संपलेला अंक परत आला की जुन्याच नोंदीची तारीख बदलून काम भागत नाही, बहुतेक रीडर म्हणणार हे तर वाचलंय, नवीन नोंदच करा. आणि उलट बाजूनं, जुन्या नोंदींचे हे नंबर चुकूनही बदलू नका. मी बदलले. साइटला कुलूपवाला सुरक्षित पत्ता घेतला तेव्हा अख्ख्या डेटाबेसमध्ये जुना पत्ता शोधून नवा टाकला, त्यात जीयूआयडीचा रकानाही गेला, जो कधीच हात लावायचा नसतो. वर्डप्रेसवाले स्वतः लिहून ठेवतात लावू नका म्हणून, पण वाचतो कोण. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या फोनमध्ये गेल्या वर्षीचे अंक "नवीन" म्हणून. सदाशिव पेठेतले एक आजोबा छत्री घेऊन भर पावसात चालत आले, जुलै महिना, आणि म्हणाले, "दिवाळी अंक आलाय ना?" मामानं त्यांना आत बसवून चहा पाजला आणि मला फोन लावून तो फोन त्यांच्या हातात दिला.

विभाग वेगळे असतील तर फीडही वेगळी द्या. स्पर्धा परीक्षेची पोरं अभ्यासिकेत बसलेली असतात, त्यांना दिवाळी अंकांशी काही घेणं नाही, आणि अंकवाल्या काकूंना चालू घडामोडींच्या पुस्तकाशी. वर्डप्रेसमध्ये प्रत्येक कॅटेगरीच्या पत्त्याला तेच फीड आणि स्लॅश लावलं की त्या विभागापुरतं फीड तयार, वेगळं काही करावं लागत नाही. फक्त कॅटेगरीचा स्लग, म्हणजे पत्त्यात दिसणारं नाव, इंग्रजी अक्षरांत ठेवा, मराठीत ठेवला तर पत्त्याची टक्क्यांच्या चिन्हांनी भरलेली लांबलचक माळ होते आणि ती कोणाला पाठवायची सोय राहत नाही.

आता गिऱ्हाइकापर्यंत न्यायचं कसं. पूर्वी ब्राउझरमध्येच नारिंगी चिन्ह दिसायचं, त्यावर टिचकी मारली की झालं, पण फायरफॉक्सनंही २०१८ च्या डिसेंबरात ती सोय काढली. म्हणून आता दोन गोष्टी. एक, पानाच्या हेडमध्ये, म्हणजे कोडच्या वरच्या, माणसाला न दिसणाऱ्या भागात, पर्यायी लिंकचा टॅग पाहिजे, म्हणजे कोणी रीडरमध्ये नुसता साइटचा पत्ता टाकला तरी फीड सापडतं, वर्डप्रेसच्या बहुतेक थीम हे करतात, हातच्या साइटला स्वतः टाका. दोन, माणसांसाठी एक साधं पान करा आणि त्याचा क्यूआर कोड दुकानात लावा. क्यूआर थेट फीडला जोडू नका, माणूस ते टॅग बघून पळून जाईल.

मामानं क्यूआरच्या वर स्वतःच्या अक्षरात पाटी लावलीय: "नवीन काय आले हे घरबसल्या कळण्याची सोय आहे. खालील चौकोन मोबाइलने स्कॅन करावा. कसा करावा हे काउंटरवर विचारू नये, शेजारी उभ्या असलेल्यास विचारावे." तीन शब्द कुठेच नाहीत बघा, आरएसएस, फीड, सबस्क्राइब. म्हणून तर मघाशी म्हटलं सांगू नका. गिऱ्हाइकाला नळातून पाणी पाहिजे, पाइपाचा व्यास नको.

त्या पानावर आम्ही तीन वाटा दिल्यात. ज्यांना ॲप चालतं त्यांना फीडली किंवा इनोरीडर, अँड्रॉइडवर फीडर नावाचं एक सुटसुटीत फुकट ॲप आहे, आयफोनवाल्यांना नेटन्यूजवायर. ही वाट घेणारे थोडेच निघतात, खोटं कशाला बोलू, पण जे घेतात ते वर्षानुवर्षं राहतात, न्यू जर्सीला लेकीकडे गेलेल्या एक काकू तिथून अंक बुक करतात.

दुसरी वाट ईमेल, आणि हीच जास्त चालते. मेलचिंप किंवा मेलरलाइटसारख्या सेवांमध्ये आरएसएसवरून ईमेल असा प्रकार असतो, तुम्ही फीडचा पत्ता द्यायचा, रोज की आठवड्यातून एकदा ते ठरवायचं, वेळ ठरवायची, आणि फीडमध्ये नवीन असेल तरच मेल जातो, नसेल तर जात नाही. कुठल्या प्लॅनमध्ये हे मिळतं ते आधी बघून घ्या. पत्ता घेतल्यावर त्या माणसाला खात्रीचा मेल जाऊन त्यानं हो म्हटल्यावरच यादीत घ्यायचं, आणि नको असल्यास बाहेर पडायची लिंक खाली पाहिजेच. स्वतःच्या डोमेनवरून पाठवत असाल तर एसपीएफ आणि डीकेआयएम या, मेल खरंच तुमच्याकडूनच आलाय हे दाखवणाऱ्या, दोन नोंदी डोमेनच्या सेटिंगमध्ये करून घ्या, होस्टिंगवाला करून देतो, नाहीतर मेल थेट स्पॅममध्ये. वेळेचं आमचं असं झालं की मी मेल दुपारी सव्वाला लावला होता, लोक जेवताना वाचायचे आणि लगेच दुकानात फोन, आणि मामा तेव्हा घरी आडवा. आता साडेचारला जातो.

तिसरी वाट टेलिग्राम. इफ्टसारखी (IFTTT) सेवा फीडवर नजर ठेवते आणि नवीन नोंद दिसली की तुमच्या टेलिग्राम चॅनलवर टाकते, अभ्यासिकेतली पोरं सगळी तिथेच असतात. व्हॉट्सॲपला अशी सरळ जोडणी नाही, भारतात २०२३ च्या सप्टेंबरात चॅनलची सोय आली, त्यात काउंटरवरचा पोरगा शीर्षक आणि लिंक हातानं चिकटवतो, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. बघा म्हणजे लिहायचं एकदाच, साइटवर, बाकी सगळे तिथूनच पाणी भरतात.

एक सांभाळा, लोकांना जो पत्ता द्याल तो तुमच्या स्वतःच्या डोमेनवरचा द्या. एके काळी सगळे फीडबर्नर या गूगलच्या मधल्या सेवेचा पत्ता वाटायचे, मग २०२१ मध्ये त्यांनी ईमेलची सोय बंद केली आणि लोकांची धावपळ झाली. मधली सेवा उद्या बदलेल, दुकानाचं डोमेन आपलं आहे तोवर फीड आपलं.

किती लोक वाचतात? नक्की कळत नाही. सर्व्हरच्या लॉगमध्ये फीडलीसारखी रीडर येताना आपल्याकडे किती सबस्क्राइबर आहेत ते सांगून जातात, होस्टिंगवाल्याकडून लॉग मागून बघता येतं. मी एकदा बघितलं, नंतर नाद सोडला. दुकानात "मेलमध्ये वाचलं" म्हणत किती येतात ते पोरगा वहीत रेघा मारून ठेवतो, ते जास्त खरं.

शेवटचं काम, आपलंच फीड आपल्या फोनमध्ये लावा, आणि ईमेलच्या यादीतही स्वतःचा पत्ता टाका. मामाच्या फोनमध्ये मी फीडर लावून दिलंय. नवीन नोंद टाकून संध्याकाळपर्यंत त्याच्या फोनवर काही आलं नाही की तो मला फोन करतो आणि मी याच क्रमानं बघतो: आधी व्हॅलिडेटर, मग कॅशेचं प्लगइन, म्हणजे साइट पटकन उघडावी म्हणून पानांच्या प्रती साठवणारं, कारण ते कधी कधी फीडची जुनी प्रत धरून बसतं आणि फीडचा पत्ता त्याच्या अपवादांत टाकावा लागतो, मग तारीख आणि टाइमझोन. आतापर्यंत चौथं कारण एकदाच निघालंय, मामानं नोंद लिहून प्रकाशित करायचं बटण दाबलंच नव्हतं.